बाजारच्या काट्यावर बारा मुली

आण्णा, गेले तीन दिवस मला भीती वाटते आहे आणि ती कुणाला सांगावी हे कळत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. तुम्हाला वाचता यायचं ते गोण्यांवरची अक्षरं आणि गाळ्यांच्या पाट्या, एवढंच. म्हणजे तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना मी निम्म्या गोष्टी गाळल्या असत्या. रोज वही लिहिते, तिच्यातही मी त्या गाळतच आले आहे. आज गाळायच्या नाहीत असं ठरवून बसले आहे. बघू किती जमतं.

आधी भीतीचं कारण सांगते. आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे. तिथे चार वर्षं झाली, ऑफिसातून आल्यावर मी मुलींना कबड्डी शिकवते. फी घेत नाही. इथे आता खेळ शिकायचा तर क्लब लागतो, गणवेश लागतो, बूट लागतात, सोडायला-आणायला कुणीतरी रिकामं माणूस लागतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या घरी यातलं काहीच नाही. उद्या, रविवारी, वजनी गटाची स्पर्धा आहे. त्यातून ज्यांची निवड होईल त्यांचं राहणं, जेवण, शाळा सगळं फुकट. माझ्याकडची सगळ्यात चांगली चढाई करणारी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिची आई इथल्याच टॉवरमध्ये लाद्या पुसते. बुधवारी मी मुलीचं वजन केलं तर ती दीड किलो जास्त भरली. आई बाजूलाच उभी होती. ती हसून म्हणाली, "दीडच ना ताई? भात बंद करते तिचा. पाणी पन कमी देते. उतरतंय की." मी नाही म्हटलं. त्या दिवसापासून मुलगी मैदानावर आलेली नाही. घरी काय चाललं आहे ते मला पुरतं माहीत नाही, आणि डोळे मिटले की मला ती दिसत नाही, दुसरीच एक मुलगी दिसते, गोणपाटात गुंडाळलेली.

तुम्हालाही ती दिसत असणार शेवटपर्यंत. आपण कधी बोललो नाही.

तेव्हा आपण घणसोली गावात भाड्याने राहत होतो. नव्वदची मधली वर्षं. मी नववीत. मालक म्हणजे तरी काय, नवी मुंबई वसवताना जमिनी गेलेल्या, दोन खोल्या वाढवून आपल्यासारख्या साताऱ्याकडच्या माणसांना दिलेल्या. मालकिणीला मी काकी म्हणायची, आणि काकीची मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. तुम्ही पहाटे कांद्या-बटाट्याच्या बाजारात जायचात आणि दुपार कलल्यावर खांद्यावर पंचा टाकून परत यायचात. एक दिवस आम्ही दोघी घरामागच्या मातीत मुलांची कबड्डी बघत उभ्या होतो. तुम्ही आलात, थांबलात आणि म्हणालात, "बघताय काय? खेळायचं तर खेळा की. कबड्डीला काय लागतंय, दम लागतो." गावाकडे तुम्ही खेळला होतात हे मला त्या दिवशी कळलं.

दम लागतो म्हणालात खरे, पण बाकी काय काय लागतं ते पुढच्या वर्षभरात तुम्ही एकेक करून उभं केलंत. आधी आया. अकरा घरी गेलात, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिलात आणि प्रत्येकीला तेच सांगितलंत: उजेड असेपर्यंतच खेळणार, मी सोबत असणार, पैसा नाही. एका घरी आजी म्हणाली, "पोरी तंगड्या उघड्या टाकून खेळनार?" तुम्ही म्हणालात, "न्हाई आजी, फुल पँट घालून. माझी पण पोरगी हाय त्यात." मग गणवेश. तुमच्या टोळीतल्या हमालांनी जुने बनियन दिले आणि आईने ते आमच्या मोरीत, पाणी तापवायच्या पातेल्यात, निळीच्या रंगात उकळले. सगळी खोली निळी वाफ झाली होती. आई ओरडत होती, "उद्या ह्याच पातेल्यात आंघोळीचं पाणी तापवायचंय, निळ्या व्हाल सगळ्या!" पहिल्याच सरावाला घामाने रंग उतरला आणि आम्ही बाराजणी मानेपासून पोटापर्यंत निळ्या झालो. काकीची मुलगी हात वर करून म्हणाली, "आता मना कोन धरनार? मी क्रिश्न हाय." गुडघ्याच्या पट्ट्या तुम्ही स्वतः शिवल्यात, गोणी शिवायच्या दाभणाने. माझी पट्टी नुसती मांडीवर टाकलीत. तुम्ही दिलेल्या वस्तूंमध्ये तेवढी एकच मी मागितलेली नव्हती.

मी हे सगळं लिहिते आहे कारण मला तुमची बाजू नीट मांडायची आहे. नंतर जे झालं त्यावरून लोकांनी तुम्हाला अडाणी ठरवलं. तुम्ही बेफिकीर नव्हता. ज्या गोष्टी पैशाने येतात त्या तुम्ही ओळखीने, हाताने, टोळीच्या जोरावर आणत होतात, आणि बारातल्या अकरा गोष्टी नीट आणल्यात. बारावी होती वजनकाटा.

स्पर्धा तळोज्याच्या बाजूला, एका कारखान्याच्या मैदानावर होती. प्रवेश फुकट होता म्हणूनच आपण नाव दिलं. गट पंचेचाळीस किलोचा. आपल्याकडे काटा कुठला? म्हणून एका रविवारी, बाजार बंद असताना, तुम्ही आम्हा बाराजणींना तुमच्या गाळ्यावर नेलंत. सगळीकडे कांद्याची सालं, पायाखाली करकर वाजणारी. लोखंडी फळीचा मोठा काटा. एकेक मुलगी चपला काढून वर उभी राहायची, तुम्ही दांडीवरचं वजन नखाने सरकवायचात, डोळा बारीक करायचात आणि आकडा मोठ्याने सांगायचात, लिलावात सांगतात तसा. मी बाजूला पालथ्या टोपलीवर बसून वहीत लिहीत होते.

काकीची मुलगी चढली. मला दांडी दिसत होती. वजन शेहेचाळीसच्या खाचेत बसलं होतं. तुम्ही म्हणालात, "पंचेचाळीस! बसली बरोबर."

मला वाटलं मी तिरकं बघितलं. मग आणखी तिघींचं तसंच झालं, आणि शेवटी मी चढले. आठवडाभर आधी शाळेत आमची तपासणी झाली होती, तेव्हा माझं वजन बेचाळीस होतं. दांडीवरही बेचाळीस. तुम्ही म्हणालात, "एक्केचाळीस." तेव्हा मला कळलं. वीस वर्षं तुम्ही त्या काट्यावर गोण्या चढवल्या होत्या. काट्यावर दिसतं ते गोणीसकट, आणि बोलायचं ते बारदानाचा किलो वजा करून. रिकाम्या गोणीचं वजन कुणी विकत घेत नाही. तुमचा डोळा एक आकडा बघायचा आणि तोंड दुसरा बोलायचं, आणि मध्ये विचार करायला जागाच उरलेली नव्हती. आमच्या अंगाभोवती गोणी नाही हे तुमच्या लक्षातच आलं नाही.

मी बोलले नाही. बाकीच्या मुली हलक्या होत्या, त्यांना किलोभराने फरक पडत नव्हता. फरक फक्त तिला पडणार होता.

का बोलले नाही, हे मी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळं लिहिलेलं आहे. एका वहीत लिहिलंय की तुमची भीती वाटली. महिनाभर आधी टोळीसमोर मी तुम्हाला म्हटलं होतं, "आण्णा, पाटी चुकीची वाचली तुम्ही," आणि सगळे हसले होते. घरी आल्यावर तुम्ही ताटावर बसून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "शिकलीस ते चांगलं झालं. पण चार माणसांत बापाचं काढायचं न्हाई." ते मला लागलं होतं, हे खरं आहे. पण दुसऱ्या वहीत दुसरं कारण आहे आणि तेही खरं आहे. कबड्डीत सातजणी खेळतात. मी आठवी होते. ती बाहेर गेली असती तर मी आत आले असते.

मी काही ठरवलं नव्हतं, आण्णा. नुसती गप्प राहिले. अकरा दिवस होते मध्ये. त्या दिवसांत ती वरणभात, भाकर, कालवण, सगळं पोटभर खात होती, कारण तुम्ही सांगितलं होतंत, "बसली बरोबर."

एकदा आम्ही दोघी वाशीला इलॅस्टिक आणायला गेलो. स्टेशनवर वजनाचं मशीन होतं, दिव्यांचं, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. हौसेने तिने नाणं टाकलं. तिकिटावर शेहेचाळीस. मागे भविष्य छापलेलं होतं, ते तिने वाचलंच नाही. माझा दंड धरून म्हणाली, "मशीन खोटी हाय ना गो?" मी म्हटलं, "स्टेशनवरचं कधी खरं असतं का?" घरी आल्यावर तिने तुम्हालाही विचारलं. तुम्ही मोठ्याने हसलात. "आगं, त्या डब्याला काय कळतंय? बाजारचा काटा हाय आपला. निम्म्या मुंबईचा कांदा जातो त्याच्यावरनं." ती निर्धास्त झाली. मी तिथेच होते, भाजी निवडत.

स्पर्धेच्या सकाळी आपण माल उतरवून रिकाम्या झालेल्या टेम्पोतून गेलो. मे महिना. सात वाजताच मैदानाची माती तापलेली आणि हवेत कारखान्यांचा तो आंबट वास. वजन घेणारा माणूस टेबलामागे बसला होता. ती काट्यावर चढली आणि तो मान वर न करता म्हणाला, "शेहेचाळीस. बाहेर." तुम्ही म्हणालात, "साहेब, पुन्हा बघा. आम्ही काट्यावर घेतलंय." त्याने पुन्हा बघितलं. "नऊपर्यंत काटा उघडा आहे. उतरवा, नाहीतर नाव कापा."

तुमचा चेहरा मी त्याआधी तसा कधीच बघितला नव्हता. पण तो क्षणभरच. मग तुम्ही एकदम हालचाल सुरू केलीत, गोण्यांचा ट्रक लागल्यावर करायचात तशी. "आम्ही गावाकडं असंच उतरवायचो. तासाभराचं काम हाय." टेम्पोतली रिकामी गोणपाटं काढून तिच्या अंगाभोवती गुंडाळलीत, सुतळीने बांधलीत आणि तिला मैदानाभोवती पळायला लावलंत. स्वतःही बाजूने पळत होतात. "थुंक. गिळू नको, थुंक." पाण्याची बाटली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "मागितलं तरी देऊ नको."

दर फेरीला ती माझ्यासमोरून जायची. पहिल्या दोन फेऱ्यांना जीभ काढून दाखवली. नंतर नुसती बाटलीकडे बघायची. आता सांगून काय उपयोग, वजन आहे ते आहे, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. मी सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात. चूक पोरीची नाही, काट्यावर बोलणाऱ्याची आहे, हे कळल्यावर तुम्ही तिला पळवलं नसतंत. तेवढं मी तुम्हाला ओळखते. पाऊणएक तासाने काट्यावर ती अजूनही पाव किलो जास्त भरली. तुम्ही म्हणालात, "आणखी दोन फेऱ्या, बाय माझी." दुसऱ्या फेरीत ती गुडघ्यावर बसली, मग आडवी झाली, आणि तिचे डोळे उघडेच होते.

तुम्ही तिला पाठीवर घेतलंत. टेम्पोपर्यंत पळताना तुम्ही तिचं नाव घेत होतात, मोठ्याने, सारखं. टेम्पो निघून गेला. आम्ही अकराजणी मैदानावर. कुणीतरी आमच्या संघाचं नाव पुकारलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि मी राखीवमधून उठून आत गेले. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. आम्ही खेळलो. हरलो, पण मी दोन गडी बाद केले, आणि ते करत असताना, आण्णा, ती माझ्या लक्षात नव्हती. खेळ संपल्यावर पाणी प्यायला बाटली उघडली तेव्हा आठवली.

तिला दोन दिवस सलाईन लावलं. पहिल्या दिवशी लघवी होत नाही म्हणून डॉक्टर सारखे येत होते आणि तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसून होतात. काकी आल्या, तुमच्याकडे बघून म्हणाल्या, "भावोजी, खेलाला दिलती ना मी?" एवढंच. त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन भिंतीला टेकून बसलात आणि आईला म्हणालात, "काटा बरोबर व्हता. मी बारदान वजा केलं." आईला ते कळलं नाही. मला कळलं. मी स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून उभी होते आणि वळले नाही.

ती वाचली. आठवडाभर आईने भांडी पोत्यात बांधून ठेवली होती, आता खोली सोडा म्हणणार म्हणून. मग काकीच दारात आल्या. "भांडी कशाला बांधलीस गो? खोली नाय मागितली मी. पोर नीट मागितलीती." पण खेळ संपला. तिचा तर संपलाच, बाकी अकराजणींचाही. ज्या अकरा उंबऱ्यांवर तुम्ही शब्द दिला होतात, तिथे पुन्हा गेलाच नाहीत. मला घरी कुणी नको म्हटलं नाही, पण मीही खेळले नाही. पुढे बाजारात तुम्ही आकडा दोनदा बोलायचात, एकदा गोणीसकट आणि एकदा वजा करून. टोळीतले तुमची थट्टा करायचे, "आण्णा, एकदाच सांगा, कांदा पळून न्हाई जात." तुम्ही जाईपर्यंत दोनदाच बोलत होतात. मी एका वाक्याने तुमचा निम्मा भार उतरवू शकले असते. ते वाक्य मी बोलले नाही.

काकीची मुलगी मला अजून भेटते. गावात तिचं किराणा दुकान आहे. तुमचं नाव निघालं की म्हणते, "तुझा बापूस चांगला मानूस व्हता गो. माझ्यासाठी किती रडला." तिलाही मी सांगितलेलं नाही.

आता माझ्याकडे चांगला काटा आहे, आकडे दाखवणारा. पाणी आहे, औषधांची पेटी आहे, एक डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा येऊन मुली तपासतात. हे सगळं जमवायला मी चार वर्षं लोकांच्या दारात उभी राहिले, तुमच्यासारखीच. मला वाटत होतं, खेळ फुकट करायचा तर तो सुरक्षितही करता येतो, फक्त कुणीतरी तेवढी काळजी घ्यायला हवी. अजूनही वाटतं. पण बुधवारी त्या आईला मी नाही म्हटलं तेव्हा ती हसायची थांबली. "ताई, तुमच्यासारख्यांच्या पोरीला एक नाय मिळालं तर दुसरं मिळंल. हिला हेच हाय." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी वरच्या गटात खेळेल." ती म्हणाली, "पुढच्या वर्षी ती खेळंल का घरं पुसंल ते मी सांगू?" आणि मुलीचा हात धरून गेली. मुलगी मागे वळून बघत होती. आईकडे नाही, माझ्याकडे.

काल मी त्यांच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोरगी दोन दिवस स्वेटर घालून जिना चढते-उतरते आहे, आम्हाला वाटलं तुम्हीच सांगितलं. मी मुलीच्या आईला फोन केला, तिने उचलला नाही. मग निरोप पाठवला: ती आली तरी मी तिला काट्यावर चढू देणार नाही, जेवू घाला. तो तिने वाचला आहे. उत्तर नाही. उद्या सकाळी सातला मी स्पर्धेच्या मैदानावर पाण्याची बाटली आणि केळी घेऊन उभी असेन. ती आली तर तिच्यासमोर मीच तिचं नाव कापायचं आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एवढं तरी लिहिते. लोक म्हणतात, बरं केलंत, लगेच नाही म्हणालात. पण ते लगेच नव्हतं, आण्णा. त्या आईने "दीडच ना" म्हटलं आणि मी तोंड उघडलं, त्याच्या मध्ये थोडा वेळ गेला. तेवढ्यात मी मनात दिवस मोजले होते. चार होते. जमलं असतं.